मास्तरांची आणेवारी

"इथे खाडाखोड केलीस का?" सुकदेव मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

"आधी आकृती चुकली होती सर. ती खोडली आणि बाजूला नवी काढली. भागांची नावं पण दिली सगळी."

"खाडाखोड दिसली की तपासणाऱ्याचं डोकं फिरतं. एक मार्क गेला."

"एवढ्यावरून?"

"गेला असं धरायचं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी प्रश्नपत्रिकेच्या कडेला पेन्सिलीने आकडा लिहिला.

गायत्री ओट्यावर मांडी घालून बसली होती. बारावी सायन्सचा शेवटचा पेपर देऊन ती केंद्रावरून तडक इथेच आली होती, घरी गेलीच नव्हती. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत ही रीतच पडून गेली होती. मास्तर खरं तर महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकवत. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं पुढे गुजराती माध्यमात जात, पण परीक्षा झाली की हिशेबाला मास्तरांच्याच ओट्यावर येत. काय लिहिलं ते पोरगं सांगायचं, मास्तर मार्क टाकायचे. मेडिकलला किंवा इंजिनीअरिंगला नंबर लागेल की नाही, हे ते निकालाच्या आधी महिना-दोन महिने सांगून मोकळे व्हायचे.

सांगायचे ते आण्यांत. गल्लीतली माणसं अमळनेर, साक्री, शिरपूरकडून आलेली. गावाकडे तलाठी बांधावर उभा राहून पिकाची आणेवारी काढतो, यंदा सोळा आण्यांतलं इतके आणे पीक. ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. टक्के म्हटलं की लोक गोंधळत, आणे म्हटलं की एका दमात कळे. म्हणून लोकांनीच त्याला नाव ठेवलं होतं, मास्तरांची आणेवारी.

एकदा मात्र मास्तर तोंडघशी पडले होते. लूमवरच्या बळीरामचा योगराज बारावीला होता. मास्तरांनी त्याचे पेपर पाहिले आणि भर गल्लीत सांगितलं, "सोळा आणे! पोरगा डॉक्टर झाला समज." बळीरामने निकालाची वाट न पाहता गावाकडचे पाहुणे बोलावले, मांडव टाकला, जेवणं घातली. नंबर थोडक्यात हुकला. त्या मांडवाचे बांबू उतरवताना गल्ली जे काही बोलली ते बळीराम आणि योगराज दोघांनीही ऐकलं. योगराज आता कडोदऱ्याला लूम चालवतो. मास्तर दिसले की तो रस्ता ओलांडून येतो, वाकून नमस्कार करतो आणि तब्येत विचारतो. त्यापेक्षा त्याने तोंड फिरवलं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना दर वेळी वाटायचं.

तेव्हापासून मास्तर कापायला लागले. पोरगं बारा आण्यांचं असलं की आठ सांगायचे. नंबर लागला तर लोक हरखून जात, नाही लागला तर म्हणत, मास्तर बोललेच होते. खाली बोलणाऱ्याचं कधी चुकत नाही. पुढे पुढे लोकही शहाणे झाले आणि मनातल्या मनात चार आणे मिळवून घेऊ लागले. हे कळलं तसे मास्तर आणखी कापू लागले. अशा रीतीने त्यांनी भविष्य सांगणारा म्हणून मोठं नाव कमावलं, आणि खरा आकडा काही कुणाला सांगितला नाही.

गायत्रीचा हिशेब पुरा झाला. तिन्ही विषय मिळून तीनशेपैकी दोनशे अठ्ठ्याहत्तर. आदल्या वर्षी सुरतच्या मेडिकलची शेवटची सीट दोनशे सत्तरला गेली होती. मास्तरांनी कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली.

"सर, किती?"

"बरे आहेत."

"बरे म्हणजे?" गायत्री उठली नाही. "सर, उद्या बाबा येतील, धुडकू आप्पांना घेऊन. दोंडाईच्याचं स्थळ आलंय. फेब्रुवारीत मला अठरा पूर्ण झाली आणि लगेच सुरू झालं. आईने बाबांना देवघरातल्या कानबाईच्या नारळावर हात ठेवून शब्द द्यायला लावलाय. सीट मिळेल असं मास्तर म्हणाले तर शिकवायचं, नाही म्हणाले तर अखाजी झाली की लग्न."

"अक्षय्य तृतीयेचीच घाई का? निकालापर्यंत थांबायला काय होतं?"

"ती मंडळी थांबत नाहीत. त्यांना अखाजीच्या आत सुपारी फोडायचीय." तिने त्यांच्या खिशाकडे पाहिलं. "सर, तुम्ही कापता. सगळ्यांना माहीत आहे. माझं कापू नका. माझे पेपर चोक्कस चांगले गेलेत."

"बघू," मास्तर म्हणाले.

ती गेल्यावर वत्सलाबाई दारात आल्या. नवऱ्याचं सगळं बोलणं त्या स्वयंपाकघरातून ऐकत असत आणि नंतर त्याचा निकाल लावत.

"खरं सांगून टाका एकदाचं. जीभ झिजते का?"

"आणि नाही लागला नंबर तर? बन्सीलालने घरात आलेलं स्थळ परत धाडलेलं असेल. मग सगळी गल्ली माझ्या नावाने बोटं मोडेल."

"पोरीचं काय होईल ते आधी बघा. बोटं मोडून कुणी मरत नाही."

मास्तरांना हे पटलं. रात्रीपर्यंत त्यांचं ठरलंही की पंधरा आणे सांगायचे. पंधरा हा त्यांचा खरा आकडा होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. बन्सीलाल आला तो धुतलेला पांढरा शर्ट घालून. लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, तो मुकादम होता. कारीगरांवर ओरडून ओरडून त्याचा आवाज कायमचा चढलेला होता, पण त्या दिवशी तो हळू बोलत होता. बरोबर धुडकू आप्पा. हे गल्लीतले जुने मध्यस्थ. सुरतेतली निम्मी लग्नं आपणच जुळवली असं सांगत, आणि मोडलेली कुणी जुळवली ते कधी सांगत नसत. वत्सलाबाईंनी चहा आणून ठेवला.

"मास्तर," बन्सीलाल म्हणाला, "आंडेर मनी शे, पोरगी मनी शे, पन शबद तुमना चाली. सांगा, सोळामाधला कितला आना?"

पंधरा अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मास्तरांना समोरची मोकळी जागा दिसली. बळीरामचा मांडव तिथेच पडला होता.

"स्पर्धा फार आहे," ते म्हणाले. "अठवालाइन्सकडची पैसेवाली पोरं एकेका विषयाला दोन-दोन ट्यूशन लावतात. आपला जातीचा दाखला इथे चालत नाही, आपण ओपनमध्ये..."

"ते ऱ्हाऊ द्या. आना सांगा."

"सहा," मास्तर म्हणाले.

धुडकू आप्पा मांडीवर थाप मारून हसले. "सहा आना म्हंजे सरकार बी दुष्काळ जाहीर करस!"

बन्सीलाल हसला नाही. त्याने बशी खाली ठेवली, तिच्यात चहा तसाच होता, आणि तो उठला. पोरीचं नशीब फुटल्याचं ऐकून बाप असा चटकन उठत नाही, घडीभर बसतो, कपाळ चोळतो, पुन्हा एकदा विचारून पाहतो. मास्तरांच्या हे तेव्हा ध्यानात आलं नाही. ते आपल्याच अपराधाच्या गडबडीत होते.

"तरी निकालाची वाट पाहायला हरकत नाही, बन्सीलाल," ते पाठीमागून म्हणाले.

"हाव, हाव," बन्सीलाल गल्लीतून म्हणाला.

आत वत्सलाबाईंनी पातेलं इतक्या जोरात आपटलं की शेजारची म्हातारी दारात येऊन विचारून गेली, काय पडलं म्हणून.

अखाजी झाली आणि पुढच्या आठवड्यात लग्न लागलं. डिंडोलीच्या रिकाम्या प्लॉटवर मांडव, वर उन्हाने तापलेले पत्रे, आणि दोंडाईच्याहून आलेली दोन ट्रक भरून वऱ्हाडी मंडळी. मास्तरांना मानाने पुढे बसवलं, टोपी-टॉवेल दिला. बन्सीलालने माइकवरून सांगितलं की मास्तरांच्या सल्ल्याने हे कार्य पार पडलं. नवरा मुलगा गोपाल सरळ, गरीब स्वभावाचा दिसत होता. त्याच्या घरचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. गायत्री जोडीने पाया पडायला आली तेव्हा मास्तरांनी "सुखी राहा" म्हटलं. तिने मान वर केली नाही. तिची आई सरलाबाई मात्र त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. ह्या बाईने नवऱ्याकडून कानबाईसमोर शब्द घेतला होता आणि आता तिच्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं, कारण शब्द पाळला गेला होता.

जूनमध्ये निकाल लागला. गायत्रीला दोनशे ऐंशी मिळाले.

मार्कशीट घ्यायला ती गोपालबरोबर सुरतेला आली. शाळेतून निघून दोघं मास्तरांच्या घरी आली. हातात पेढ्यांचा पुडा, डोक्यावर पदर. दोन महिन्यांत ती एवढी बदलली होती की मास्तरांना आधी तिच्या चपलांवरूनच ओळख पटली. वत्सलाबाईंनी तिला जवळ घेतलं आणि रडायला सुरुवात केली, तशी तीच त्यांची पाठ थोपटू लागली.

"सीट लागणार तुझी," मास्तर म्हणाले. "इथेच लागेल, सुरतला. आपण फॉर्म भरून टाकू. आजच."

गोपालने खाली पाहिलं. "फॉर्म भरा सर. माले काहीच ना नही. पन घर मोठासनं शे. बाप काय म्हनस ते पाहनं पडी."

फॉर्म भरला. गायत्रीने सही केली आणि पेन मास्तरांना परत दिलं.

"सर, एक विचारू? तुम्ही माझे किती धरले होते?"

"मी सहा आणे म्हणालो होतो, म्हणजे..."

"म्हणाला होता ते नाही. धरले किती होते? त्या दिवशी कागदावर?"

वत्सलाबाई स्वयंपाकघरात थांबल्या. मास्तरांना खोटं बोलता आलं असतं, पण ह्या पोरीने त्यांना पेपर शब्दन्‌शब्द सांगितला होता, तिला हिशेब येत होता.

"दोनशे अठ्ठ्याहत्तर."

गायत्रीने मान डोलावली. "दोनच मार्कांनी चुकलात," ती म्हणाली. शाळेत शाबासकी देताना मास्तर ज्या सुरात बोलत, त्याच सुरात.

"चाल," गोपाल म्हणाला, "भुसावळ पॅसेंजरना टाईम व्हयना."

जुलैच्या सुरुवातीला मेरिट लिस्ट लागली. गायत्रीचं नाव बरंच वर होतं. मुलाखतीचं बोलावणं बन्सीलालच्या पत्त्यावर आलं, आणि मास्तर शाळा सुटताच थेट त्याच्या खात्यावर गेले. आत लूमच्या खडखडाटात काही ऐकू येईना. बन्सीलालने त्यांना बाहेर चहाच्या लारीपाशी आणलं.

"बन्सीलाल, चूक माझी आहे," मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले. ही वाक्यं त्यांनी रस्ताभर जुळवली होती. "मी तुला सहा सांगितले. खरे पंधरा होते. मी भ्यालो. बळीरामसारखं तुझं होऊ नये म्हणून कमी सांगितलं. तू मला काय वाटेल ते बोल, पण पोरीला मुलाखतीला आण."

बन्सीलालने चहावाल्याला दोन चहा सांगितले. मग म्हणाला, "माले ठाऊक व्हतं, मास्तर."

"काय ठाऊक होतं?"

"तुम्ही आर्धं सांगतस हाई सारी गल्लीले ठाऊक शे. तुम्ही सहा म्हनात, तव्हयच मी समजनू. सीट पक्की शे."

"मग? मग विचारायला आलास कशाला?"

"सरलानी शबद ली ठेवेल व्हता. कानबाईपुढे मी माघार कशी लेऊ? माले तुमना तोंडतून 'नही' पाहिजे व्हतं. ते भेटनं." त्याने बशीत चहा ओतला, फुंकला. तो निर्दय दिसत नव्हता. दमलेला दिसत होता, आणि मास्तरांना तेच सहन होईना. "मास्तर, तुम्हले आंडेर नही. तुम्हले काय समजी? डाक्टर करू ते डाक्टर नवरा आनना पडी. आपला समाजमा डाक्टर आंडोर काय काय मांगस, माहिती शे? पाच-सहा वरीस तिले घरमा ठेवू, मंग तिनाजोगता नवरा नही भेटना ते? मी जलमभर लूमवर उभा राहिनू. माले इतलं उंच पाहता येत नही."

"मग हे सरळ तिला सांगायचं होतंस."

"तिना तोंडकडे पाही सांगता उनं नही."

"आता तरी पाठव."

"आते ती त्यासनी शे. मी इचारं त्यासले. सासरा म्हने, पोरगी हुशार शे, दुकानना हिसाब एकदम चोख करस, तिले कसं धाडू?" बन्सीलालने कप ठेवला. आतून कुणी कारीगर हाका मारत होता. "तुम्ही मनाले लाई लेऊ नका. तुमना काही गुन्हा नही."

तो आत गेला. मास्तर तिथेच उभे राहिले. त्यांना राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. इतकी वर्षं ते समजत होते की आपण लोकांना दुःखापासून वाचवतो. आणि इथे एका मुकादमाने त्यांच्या भित्रेपणाचं मोजमाप करून, तो कुठे बसेल हे आधी बघून, बरोबर तिथे लावला होता. त्याला खोटं बोलावंही लागलं नव्हतं. मास्तर होते ना त्यासाठी.

मुलाखतीच्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि कुणीही बोलावलं नसताना ते मेडिकल कॉलेजवर गेले. गोपालला त्यांनी निरोप धाडला होता, तारीख आणि वेळ कळवली होती. मुलगा भला आहे, बापाची समजूत घालेल, सकाळच्या गाडीने घेऊन येईल, असं त्यांनी स्वतःला सांगून ठेवलं होतं.

हॉल माणसांनी गच्च भरला होता. नंबराप्रमाणे नावं पुकारत होते. पोरं उठत होती, आईबाप त्यांच्या मागे फायली घेऊन धावत होते.

"गायत्री बन्सीलाल बागुल."

लग्न झालं तरी इथे ती अजून बापाच्याच नावाने होती. मास्तरांनी वळून दाराकडे पाहिलं. पुन्हा एकदा नाव पुकारलं. मग पुढचं.

दुपारपर्यंत यादी संपली. सुरतची एकच सीट उरली होती, ती गायत्रीची. गैरहजर राहिलेल्यांना शेवटी पुन्हा एकदा पुकारणार होते. तरीही कुणी आलं नाही, तर ती सीट वेटिंगवरच्या पहिल्या मुलाला.

तो मुलगा मास्तरांच्याच शेजारी बसला होता, बापाबरोबर. बाप वराछ्याला हिरे घासायच्या घंटीवर बसणारा, बोटांची टोकं घासून गुळगुळीत झालेली. सकाळपासून तो पाणी प्यायला नव्हता. गायत्रीचं नाव आलं तेव्हा मास्तर दाराकडे वळले, हे त्याने बरोबर पाहिलं होतं.

"साहेब," तो दबकत म्हणाला, "ए छोकरीने तमे ओळखो छो?"

"मारी विद्यार्थिनी छे."

पुढे विचारावं की नाही, हे बापाला ठरवता येईना. दुसऱ्याच्या पोरीचं नुकसान मागायला त्याला लाज वाटत होती, पण त्याचा मुलगा जमिनीकडे बघत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"साहेब, आवशे? के नहीं आवे?"

मास्तरांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. बाहेर शिपाई एका रिक्षावाल्याशी भांडत होता, आणि त्याच्यापलीकडे फाटकापर्यंतचा सगळा रस्ता मोकळा दिसत होता. सकाळची गाडी येऊन तीन तास झाले होते. त्यांना दोंडाईच्याचं दुकान दिसलं, गल्ल्याशेजारचं स्टूल दिसलं, खताच्या पोत्यांची बेरीज करणारी ती दिसली. बेरीज चुकत नसणार.

"नहीं आवे," ते म्हणाले.

"चोक्कस?"

"सोळ आना."

समोरचा कारकून उठला. त्याने नाव पुकारलं, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा, आणि कागदावर रेघ मारून वेटिंगवरच्या मुलाचं नाव घेतलं. मुलगा उठताना खुर्चीत अडखळला. त्याचा बाप त्याच्या मागे निघाला, दोन पावलं जाऊन परत फिरला आणि त्याने मास्तरांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तमारा मोंमां घी-साकर, साहेब," तो म्हणाला. "घी-साकर!"

मास्तर तोंड मिटून बसून राहिले.